दामदुप्पट कोठे थांबते?

बोरांसाठी आणि तलावासाठी ख्यात असलेले मेहरूण आज जळगाव शहराचाच भाग झाले आहे. औद्योगिक वसाहतीतील डाळ मिली, चटईचे कारखाने आणि पाइपचे उद्योग तेथून जवळ आहेत. सराफ बाजारही फार लांब नाही. या परिसरातील व्यापारी घराण्यांत गेल्या तीस वर्षांत एक सल्ला वडिलोपार्जित शहाणपणासारखा रूढ झाला. तो असा, की संगणकाच्या खरेदीत घाई करू नये. सहा महिने थांबले तर तोच माल स्वस्त मिळतो, अथवा तेवढ्याच पैशांत अधिक चांगला मिळतो. सोने, जमीन किंवा तूरडाळ यांच्याबाबत असा सल्ला कोणताही जाणता व्यापारी देणार नाही. संगणक ही मात्र अशी एकमेव वस्तू ठरली, जिच्या बाबतीत वाट पाहणाऱ्याचा नेहमी फायदाच झाला.

हा सल्ला त्या काळी योग्यच होता. परंतु ज्या कारणामुळे तो योग्य होता, ते कारण आता क्षीण होत आहे. दुकानाची, कारखान्याची किंवा मुलांच्या शिक्षणाची पुढील आखणी करताना हे कारण समजून घेणे प्रत्येक घराच्या हिताचे आहे.

संगणकाचा प्रोसेसर म्हणजे सिलिकॉनच्या नखाएवढ्या तुकड्यावर कोरलेल्या अतिसूक्ष्म विजेच्या कळांचा समूह. कळ चालू असेल तर एक, बंद असेल तर शून्य, एवढीच त्या कळीची भाषा. या कळीला ट्रान्झिस्टर म्हणतात. एका तुकड्यावर, म्हणजेच चिपवर, जितके अधिक ट्रान्झिस्टर मावतील तितके ती चिप अधिक काम करते. गॉर्डन मूर या अमेरिकन तंत्रज्ञाने एप्रिल १९६५ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक्स’ या नियतकालिकात लेख लिहून असे भाकीत केले, की एका चिपवर मावणाऱ्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत जाईल. १९७५ मध्ये त्यांनी स्वतःच हा कालावधी दोन वर्षांचा केला. पुढे यालाच मूरचा नियम हे नाव पडले. वास्तविक तो निसर्गाचा नियम नव्हे. कारखानदारांनी स्वतःसमोर ठेवलेली आणि पुढे जवळजवळ पन्नास वर्षे निष्ठेने पाळलेली ती एक मुदत होती.

दोन वर्षांत दुप्पट, या शब्दांचे वजन व्यापारी मंडळींना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. बँकेत सात टक्के दराने ठेवलेली रक्कम दुप्पट होण्यास दहा वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. दोन वर्षांत दुप्पट व्हायचे असेल, तर दरसाल दरशेकडा सुमारे ४१ टक्के दराने चक्रवाढ मिळावी लागते. असा दर दोन-चार वर्षे मिळाला तरी सावकार दचकेल. चिप उद्योगाने तो पन्नास वर्षे टिकवला.

पडताळा घेणेही सोपे आहे. इंटेल कंपनीने १९७१ मध्ये बाजारात आणलेल्या ४००४ या प्रोसेसरवर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. १९७१ ते २०२१ या पन्नास वर्षांत दोन वर्षांना एक याप्रमाणे पंचवीस दुपटी होतात. पंचवीस वेळा दुप्पट म्हणजे ३ कोटी ३५ लाख ५४ हजार ४३२ पट. या हिशेबाने २०२१ मध्ये एका चिपवर सुमारे ७,७०० कोटी ट्रान्झिस्टर असावयास हवे होते. त्या वर्षी अ‍ॅपल कंपनीने सादर केलेल्या एम-१ मॅक्स या चिपवर प्रत्यक्षात ५,७०० कोटी होते. पन्नास वर्षांपूर्वीच्या अंदाजात एवढीच तूट! कोणत्याही पेढीचा अर्धशतकाचा ताळेबंद इतका जुळणे दुर्मीळ.

दुपटी मोजण्याची ही रीत या मासिकाच्या वाचकांच्या परंपरेला नवी नाही. सुमारे बाराशे वर्षांपूर्वी आचार्य वीरसेन यांनी षट्खंडागमावरील ‘धवला’ टीकेत ‘अर्धच्छेद’ ही संज्ञा वापरली. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, ती गणती म्हणजे त्या संख्येचे अर्धच्छेद. बत्तीसचे अर्धच्छेद पाच, चौसष्टचे सहा. आजचे गणिती यालाच दोन या पायाचा लॉगरिदम म्हणतात. मूरच्या नियमाचे सारे सार एवढेच, की चिपवरील ट्रान्झिस्टरांच्या संख्येचे अर्धच्छेद दर दोन वर्षांनी एकाने वाढावेत.

मात्र व्यापारी परंपरेने याच विषयावर आणखी एक गोष्ट शिकवली आहे. ती म्हणजे दामदुप्पट. व्याज कितीही वर्षे साचले, तरी एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येणार नाही, हा जुना दंडक मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही मान्य केला होता. वाढीला कोठे तरी मर्यादा असते आणि ती न मानणारा हिशेब केवळ कागदावर खरा राहतो, हा त्यामागील विचार. चिपच्या बाबतीत ही मर्यादा कोणत्याही न्यायालयाने घातली नाही. ती पदार्थानेच घातली.

तलावाचा बांध जाड असतो तोवर पाणी अडते. तोच बांध वर्षानुवर्षे खरवडत नेला, तर एक वेळ अशी येते की बांध फुटत नाही, पण पाणी झिरपू लागते. ट्रान्झिस्टरचे असेच झाले. ट्रान्झिस्टर लहान होत गेला, तशी त्यातील विजेचा प्रवाह अडवणारी भिंतही पातळ होत गेली. २००३-०४ च्या सुमारास ही भिंत १.२ नॅनोमीटरपर्यंत, म्हणजे जेमतेम चार-पाच अणूंच्या थरांपर्यंत आली. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. कळ बंद असतानाही वीज झिरपू लागली आणि चिप तापू लागली. आयबीएम कंपनीच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले होते, की ट्रान्झिस्टर लहान होईल तशी त्याला वीजही कमी लागेल. हे गणित येथे फसले. प्रोसेसरचा वेग तोपर्यंत दरवर्षी चढत होता. २००४ मध्ये तो ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत आला आणि तेथे अडखळला. आज वीस वर्षांनंतरही चांगल्या संगणकाचा वेग पाच-सहा गिगाहर्ट्झच्या आतच आहे.

उद्योगाने तेव्हा वेगळी वाट धरली. एक प्रोसेसर अधिक वेगाने पळवण्याऐवजी एकाच चिपवर दोन, चार, आठ प्रोसेसर बसवून काम वाटून देण्यास आरंभ झाला. महाराष्ट्राला ही वाट अपरिचित नव्हती. ऐंशीच्या दशकात भारताने मागितलेला प्रगत महासंगणक देण्यास अमेरिकेने नकार दिला. त्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि अकोला जिल्ह्यातील मुरंबा या गावी जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा राहिला. अतिवेगवान प्रोसेसर मिळत नव्हता, म्हणून इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे बेताच्या क्षमतेचे अनेक प्रोसेसर एकत्र जोडून त्यांच्यात काम वाटण्यात आले. अडचणीपोटी पुण्याने १९९१ मध्ये जे केले, ते सर्व जगाला २००५ नंतर मर्यादेपोटी करावे लागले. तथापि या यशाला दुसरी बाजूही होती. यंत्राची रचना आणि आज्ञावली भारतीय होती, परंतु प्रोसेसर विकत आणलेला होता. दुकान स्वतःचे, पण माल परक्या पेढीचा.

ट्रान्झिस्टर आणखी लहान करण्याचे काम त्यानंतरही चालूच राहिले, पण प्रत्येक पायरी अधिक कष्टाची आणि अधिक खर्चाची झाली. भिंतीचा पदार्थ बदलावा लागला. सपाट ट्रान्झिस्टर उभा करावा लागला. आता तर प्रवाहमार्गाला चारही बाजूंनी वेढणारी कळ तयार करावी लागते. चिपवरील रेषा प्रकाशाने कोरल्या जातात. पूर्वी त्यासाठी १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरत. तो या कामाला जाडा पडू लागला, तेव्हा १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश निर्माण करावा लागला. त्यासाठी यंत्रात वितळलेल्या कथिलाचे सूक्ष्म थेंब सेकंदाला पन्नास हजार या गतीने सोडले जातात आणि प्रत्येक थेंबावर लेसरचा मारा करून त्यापासून तो प्रकाश मिळवला जातो. हा प्रकाश हवेतच शोषला जातो, म्हणून सारे काम निर्वात पोकळीत, आरशांच्या साहाय्याने करावे लागते. असे यंत्र जगात नेदरलँड्समधील एएसएमएल ही एकच कंपनी तयार करते. तिच्या नव्या पिढीतील एका यंत्राची किंमत साडेतीन हजार कोटी रुपयांच्या घरात आहे.

चिपच्या कारखान्याचा खर्च साधारणतः दर चार वर्षांनी दुप्पट होतो, असे या उद्योगात फार पूर्वीपासून म्हटले जाते. म्हणजे येथे दोन दुपटी एकमेकींसमोर उभ्या आहेत. एक मालाची, दुसरी खर्चाची. मालाची दुप्पट जोरात होती तोवर खर्चाची दुप्पट कोणाला जाणवली नाही. नगामागचा खर्च उतरतच गेला आणि ‘थांबा, स्वस्त होईल’ हा सल्ला त्यातूनच जन्मला. आता मालाची दुप्पट मंदावली आहे आणि खर्चाची दुप्पट उघडी पडली आहे.

मंदावली म्हणजे किती? तैवानच्या टीएसएमसी या जगातील अग्रगण्य चिप उत्पादक कंपनीचेच आकडे घ्यावेत. तिने २०२५ च्या अखेरीस ‘दोन नॅनोमीटर’ पिढीचे उत्पादन सुरू केले आणि त्यापुढील ‘ए-१४’ ही पिढी २०२८ मध्ये आणण्याचे जाहीर केले आहे. या तीन वर्षांत तेवढ्याच जागेत मावणाऱ्या ट्रान्झिस्टरांची दाटी २० टक्क्यांहून अधिक वाढेल, असे ती कंपनी सांगते. तीन वर्षांत २० टक्के म्हणजे चक्रवाढीने दरसाल सव्वासहा टक्के. एकेकाळचा ४१ टक्क्यांचा व्यवहार बँकेच्या मुदत ठेवीच्या दरावर आला, असे म्हणण्यास हरकत नाही.

यात दोन गोष्टींचे भान ठेवले पाहिजे. पहिली अशी, की ‘दोन नॅनोमीटर’ हे मोजमाप नसून बाजारातील नाव आहे. त्या चिपवरील ट्रान्झिस्टरमध्ये एका कळीपासून शेजारच्या कळीपर्यंतचे अंतर अनेक पटींनी अधिक असते. सिलिकॉनच्या स्फटिकात अणूंच्या मांडणीचा एक चौकोनच ०.५४ नॅनोमीटरचा असतो. त्यामुळे हे नाव अक्षरशः खरे असते, तर पुढे जाण्यास जागाच उरली नसती. सुवर्णनगरीच्या ग्राहकाला चोवीस कॅरेटच्या पुढे शुद्धता नसते हे ठाऊक असते. कारण तेथे आकडा म्हणजे खरोखरीचे माप आहे. चिपच्या वेष्टनावरील आकड्याला तसा मान देता येत नाही. दुसरी गोष्ट अशी, की दाटी मंदावली म्हणून प्रगती थांबली असे नव्हे. त्याच टीएसएमसीच्या सांगण्यानुसार नव्या पिढीत तेवढ्याच वेगासाठी ३० टक्क्यांपर्यंत कमी वीज लागेल. शिवाय एकच मोठी चिप करण्याऐवजी लहान लहान चिपा शेजारी किंवा एकीवर एक बसवून जोडण्याची कला झपाट्याने वाढत आहे. वाढ चालूच आहे. मात्र ती आता फुकट मिळत नाही; तिचा दाम मोजावा लागतो.

या शर्यतीत भारत कोठे आहे, हा प्रश्न स्वाभाविक आहे. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कारखान्यात १९८४ मध्ये उत्पादन सुरू झाले होते आणि तेव्हाचे अंतर काही फार नव्हते. १९८९ मध्ये तेथे मोठी आग लागली. कारखाना पुन्हा उभा राहीपर्यंत जगात अनेक दुपटी होऊन गेल्या. चक्रवाढीच्या खात्यातील काही वर्षांचा खंड नंतर कोणत्याही हप्त्याने भरून निघत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही. त्याच मोहालीत तयार झालेला ‘विक्रम’ हा ३२ बिट प्रोसेसर सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधानांना सादर करण्यात आला. तो १८० नॅनोमीटर तंत्राचा, म्हणजे जगाच्या मानाने पंचवीस वर्षे मागचा आहे. पण अग्निबाणाच्या खडतर वातावरणात काम करण्यासाठी तो घडवला आहे, आणि तेथे दाटीपेक्षा भरवसा महत्त्वाचा असतो.

गुजरातेत धोलेरा येथे टाटा समूह तैवानच्या पीएसएमसी कंपनीच्या साहाय्याने ९१,००० कोटी रुपयांचा कारखाना उभारत आहे. केंद्र सरकारने त्याला फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजुरी दिली. तेथे २८ नॅनोमीटर व त्याहून जाड तंत्राच्या चिपा तयार होतील. २८ नॅनोमीटर हे तंत्र जगात २०११ च्या सुमारास आले. ‘एवढा पैसा ओतून इतका जुना माल का?’ असे कोणी विचारील. उत्तर व्यापाराचेच आहे. ज्या टप्प्यापर्यंत नगामागचा खर्च भराभर उतरत होता, तो टप्पा २८ नॅनोमीटरपाशी संपला, असे या उद्योगातील अनेक जाणकार मानतात. आणि जगातील बहुतेक कामांना याहून बारीक चिप लागतच नाही.

जळगावपुरते पाहिले तरी हे पटते. डाळ मिलीतील ज्या यंत्राला सॉर्टेक्स म्हणतात, ते कॅमेऱ्याने प्रत्येक दाणा पाहून डागी दाणा हवेच्या फुंकरीने बाजूला उडवते. सराफाच्या पेढीवरील वजनकाटा मिलिग्रॅमपर्यंत माप दाखवतो. ठिबक सिंचनाच्या स्वयंचलित संचातील नियंत्रक कोणत्या वेळी कोणता झडप उघडायचा हे ठरवतो. मोटार, वीज मीटर, पंखा, सोलरचा इन्व्हर्टर या सर्वांत अशाच जाड, जुन्या, खात्रीच्या चिपा असतात. २०२१ मध्ये मोटारींचे कारखाने चिपांअभावी अडले, ते प्रामुख्याने अशाच साध्या चिपांच्या टंचाईमुळे. अत्याधुनिक माल नाही म्हणून बाजार थांबला नव्हता. रोजचा माल नाही म्हणून थांबला होता.

आता घराच्या आणि पेढीच्या हिशेबाकडे वळावे. कंपनी कायद्याच्या अनुसूचीनुसार टेबलावरील संगणकाचे उपयुक्त आयुष्य तीन वर्षे, तर सर्व्हरचे सहा वर्षे धरले जाते. आयकरात संगणकावरील घसारा पूर्वी ६० टक्के होता. घसाऱ्याचा कमाल दरच ४० टक्के ठरवण्यात आल्याने २०१७-१८ या आर्थिक वर्षापासून तोही ४० टक्के झाला. साठ हजारांच्या संगणकाची किंमत त्या दराने तीन वर्षांनंतर वह्यांत १२,९६० रुपये उरते. ही वह्यांतील किंमत झाली. प्रत्यक्षात हिशेब, जीएसटीची विवरणपत्रे आणि मालसाठा एवढेच काम असलेला, नीट जपलेला संगणक सात-आठ वर्षे सहज चालतो. घसारा पूर्ण लिहिला गेला, म्हणून यंत्र निकामी झाले, अशी गल्लत होता कामा नये.

यंत्र निकामी होण्याचे खरे कारण आता बहुधा वेगळेच असते. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा थांबवला आणि साधारणतः २०१७ च्या आधीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. अनेक पेढ्यांतील धडधाकट संगणक अशा रीतीने एका दिवसात जुने झाले. चिप थकली नव्हती. तिची राखण करणाऱ्याने पाठ फिरवली. ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात, तो सुरक्षा सुधारणांविना चालवणे म्हणजे तिजोरी उघडी टाकून दुकान बंद करणे होय. म्हणून खरेदीच्या वेळी विक्रेत्याला गिगाहर्ट्झ आणि नॅनोमीटर विचारण्यापेक्षा, या यंत्राला सुरक्षा सुधारणा किती वर्षे मिळतील, मेमरी पुढे वाढवता येईल का आणि दुरुस्ती जळगावातच होईल का, हे तीन प्रश्न विचारणे अधिक शहाणपणाचे.

थांबले की स्वस्त मिळते, या समजुतीला २०२५ च्या अखेरीस आणखी एक धक्का बसला. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जगभर उभ्या राहणाऱ्या प्रचंड संगणक केंद्रांनी मेमरी चिपांची मागणी इतकी वाढवली, की साध्या संगणकाच्या मेमरीचे भाव उतरण्याऐवजी झपाट्याने चढले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन या कंपनीने किरकोळ ग्राहकांसाठी असलेला आपला ‘क्रुशल’ हा मेमरीचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. मोठ्या गिऱ्हाइकाने घाऊक माल उचलला, की किरकोळ गिऱ्हाइकाला भाव चढा मिळतो, हा दाणाबाजाराचा न्याय चिपांनाही लागू झाला. संगणक आता इतर मालासारखा माल झाला आहे. त्याचे भाव चढतील, उतरतील. केवळ वाट पाहणे हा नफा राहिलेला नाही. काम अडत असेल तर घ्यावा, अडत नसेल तर आहे तो सांभाळावा, आणि टाकून द्यायचा झाल्यास भंगारवाल्याऐवजी नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे द्यावा.

मुलांच्या शिक्षणाच्या दृष्टीनेही हा बदल ध्यानात घेण्याजोगा आहे. जोवर चिप आपोआप दर दोन वर्षांनी दुप्पट होत होती, तोवर जड आणि ढिसाळ आज्ञावलीही खपून जात असे. पुढच्या वर्षीचे यंत्र ती ओढून नेई. वाढ सहा टक्क्यांवर आली, की काटकसरीची किंमत वाढते. तेच काम कमी विजेत, कमी मेमरीत करून दाखवणारा आज्ञावलीकार, लहान चिपा जोडणारा अभियंता, उष्णता वाहून नेणारे नवे पदार्थ शोधणारा रसायनशास्त्रज्ञ, यांना पुढील काळात मागणी राहील. विपुलतेच्या काळात उधळेपणा लपून जातो. मोजकेपणाच्या काळात हिशेबी माणूस पुढे येतो, आणि व्यापारी घराण्यांत हा संस्कार लहानपणापासून होतच असतो.

दामदुपटीच्या दंडकाने सावकारी बुडाली नाही. तिला शिस्त लागली. चिपच्या उद्योगाचेही तसेच होण्याची चिन्हे आहेत. पन्नास वर्षे धावलेली दुप्पट आता चालीवर आली आहे. जी पेढी आपली गरज, आपले यंत्र आणि आपला खर्च यांचा मेळ दरवर्षी ताळेबंदाच्या वेळी घालील, तिला या मंद चालीची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.